पाणीपट्टीच्या वहीला कृषी पदवीधर हवा

गेल्या खरिपाच्या अखेरीस एका जुन्या विद्यार्थिनीचा दूरध्वनी आला. मध्य प्रदेशातील निमाडच्या कापूस पट्ट्यात आमच्या कीड सर्वेक्षणावर तिने दोन हंगाम काम केले होते. पुढे कृषी व्यवसाय व्यवस्थापनाचे शिक्षण घेऊन ती एका शेतकरी उत्पादक कंपनीचे हिशेब सांभाळू लागली. ‘‘मॅडम, शिफारसपत्र हवे आहे,’’ ती म्हणाली. पद वित्त सहायकाचे होते आणि संस्था लहान गावांच्या नळपाणी योजनांना जमाखर्चात साहाय्य करणारी. माझ्या तोंडून सहज निघून गेले, ‘‘अगं, मग शेतीचे काय?’’ त्या प्रश्नाची आता मला थोडी लाज वाटते.

जाहिरातीत वाणिज्य किंवा व्यवस्थापनाची पदवी, टॅलीचे ज्ञान आणि हिशेबाचा अनुभव एवढेच मागितले होते. तिचा प्रश्न साधा होता: सर्वेक्षणाचे ते दोन हंगाम अर्जात लिहावेत की वगळावेत? तिला मी जे उत्तर दिले, ते आपणा सर्वांसमोर ठेवणे आवश्यक वाटते. कारण असे प्रश्न घेऊन येणारी मुले-मुली विस्तार कार्यकर्त्यांकडे आणि प्रगतिशील शेतकऱ्यांकडेही येत असतात.

जल जीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झाले, तेव्हा देशातील सुमारे १७ टक्के ग्रामीण घरांत नळ होता. आज हा आकडा १५ कोटी घरांच्या पुढे गेला आहे. नळ जोडणे हे अभियंत्याचे काम होते आणि ते मोठ्या प्रमाणात झाले. योजना चालवणे मात्र ग्रामपंचायतीकडे आणि तिच्या ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीकडे आले. गावांतर्गत कामाच्या खर्चाचा १० टक्के वाटा लोकांनी उचलावा (डोंगराळ व वनक्षेत्रांत आणि अनुसूचित जाती-जमातींची बहुसंख्या असलेल्या गावांत ५ टक्के), पुढे पाणीपट्टीतून देखभाल व्हावी, अशी ही रचना आहे. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामीण स्थानिक संस्थांच्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेसाठी बांधून दिली. पैसा आहे, समितीही आहे. त्या दोहोंमध्ये रोजकीर्द लिहिणारा, बँकेचा ताळमेळ घालणारा, उपयोगिता प्रमाणपत्र वेळेवर देणारा माणूस मात्र अनेक गावांत नाही.

हा माणूस नसला की काय होते, ते आकड्यांतच पाहावे. उदाहरणादाखल २०० घरांचे गाव घेऊ. पाणीपट्टी महिन्याला ६० रुपये, म्हणजे मासिक मागणी १२,००० रुपयांची. साडेसात अश्वशक्तीचा पंप दिवसाला पाच तास चालला, तर सुमारे २८ युनिट लागतात. सात रुपये दराने महिन्याचे बिल ५,८८० रुपये. पाणी सोडणाऱ्याचे मानधन ४,००० रुपये धरू. सर्वांनी पट्टी भरली, तर क्लोरीन आणि किरकोळ दुरुस्तीसाठी २,१२० रुपये उरतात. पण १२० घरांनीच भरली, तर जमा ७,२०० रुपये आणि तूट २,६८० रुपयांची. तीन-चार महिने हे असेच चालले की वीजजोडणी तुटते आणि गाव म्हणते, ‘योजना बंद पडली.’ वास्तविक पंपही ठीक असतो आणि विहिरीला पाणीही असते.

घसारा हा शब्द तर समितीच्या बैठकीत क्वचितच निघतो. ७०,००० रुपयांचा पंप सात वर्षे चालेल असे मानले, तर वर्षाला १०,००० रुपये बाजूला पडायला हवेत. घरटी हा भार महिन्याला सव्वाचार रुपयांहूनही कमी आहे. तेवढे न साठवल्यामुळे पंप जळतो त्या दिवशी गाव वर्गणीसाठी दारोदार फिरते.

आता शेतीचे काय, या माझ्याच प्रश्नाकडे येते. निमाडच्या शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो तो कापसाची वेचणी सुरू झाल्यावर, साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत; गहू-हरभरा निघाल्यावर एप्रिलमध्ये थोडा आणखी येतो. जून-जुलैत बियाणे, खते आणि मजुरी त्याचे सगळे ओढून नेतात. अशा गावात दरमहा ६० रुपयांची पावती फाडणारी पद्धत पावसाळ्यात थकबाकीच निर्माण करणार. वर्षाच्या ७२० रुपयांपैकी ४८० वेचणीनंतर आणि २४० गव्हानंतर घेतले, तर वसुली सुकर होते. वीजबिल मात्र दरमहा येतच राहते. म्हणून जून ते ऑक्टोबर या पाच महिन्यांचे सुमारे ५०,००० रुपये मेअखेर खात्यात शिल्लक दिसले पाहिजेत. भूमिहीन मजुराला हे वेळापत्रक लागू पडत नाही. त्याला आठवड्याच्या मजुरीतून थोडे थोडे भरण्याची सोय हवी. हे सारे टॅली शिकवत नाही. ज्याने गावात हंगाम काढले आहेत, त्यालाच ते सुचते.

कीटकशास्त्राचा संबंध मला याहून पुढेही दिसतो. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ पतंग सापडले की आपण गुलाबी बोंडअळीविरुद्ध पावले उचलायला सांगतो. बोंडे पोखरली जाईपर्यंत थांबत नाही. थकबाकीलाही अशी पातळी ठरवता येते: थकलेली पट्टी दोन महिन्यांच्या वीजबिलाएवढी झाली की समितीची बैठक व्हावी. सापळ्याची नोंद रोज सकाळी, पतंग शून्य असले तरी लिहायची, ही शिस्त आम्ही मुलांना लावतो. रोजकीर्दीला याहून वेगळे काय लागते?

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. नळ दोन-तीन दिवसांआड येऊ लागला की घराघरांत पिंप आणि रांजण भरून ठेवले जातात. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डास अशाच स्वच्छ साठ्याच्या कडेला अंडी घालतो आणि उष्ण हवेत आठ-दहा दिवसांत नवी पिढी उडू लागते. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळण्याचा सल्ला मी अनेक गावांत दिला आहे. ज्या घराला उद्या पाणी येईल की नाही हे ठाऊक नाही, ते आपले पिंप रिकामे का करील?

सामूहिक व्यवस्था टिकवण्याचे अनुभव आपल्या देशात आहेत. गुजरातेत २००२ मध्ये स्थापन झालेल्या ‘वास्मो’ने गावोगावच्या पाणी समित्यांच्या हाती कारभार सोपवला. ओडिशात ‘ग्राम विकास’ संस्थेने कामाआधीच घरटी सरासरी १,००० रुपयांचा गावनिधी उभा करायला लावला; गावात नवे कुटुंब आले की त्या निधीच्या व्याजातून त्यालाही जोडणी मिळावी, हा त्यामागचा हेतू. मला यात पैशाइतकीच तो आधी मोजून ठेवण्याची सवय महत्त्वाची वाटते.

तेव्हा मी तिला सांगितले, सर्वेक्षण वगळू नकोस, ते वरच लिही. किती गावे, किती सापळे, किती आठवडे, नोंदी कधी खंडल्या आणि का, हे लिही. उत्पादक कंपनीत सभासदांची येणी कोणत्या महिन्यात थकली आणि ती कशी वसूल केलीस, हे एका उदाहरणाने सांग. ‘लेखाकार्यात निष्णात’ असे मोघम लिहू नकोस. मुलाखतीत हंगामाप्रमाणे बांधलेला बारा महिन्यांचा जमाखर्च कागदावर मांडून दाखव.

या नोकऱ्यांचे गुलाबी चित्र मी रंगवणार नाही. त्या बहुधा कंत्राटी असतात, प्रकल्पाला बांधलेल्या असतात आणि फिरती भरपूर असते. तिने मुदत विचारली तेव्हा अकरा महिन्यांचा करार असल्याचे कळले. ज्या योजनेचा पंप सात वर्षे चालावा अशी अपेक्षा आहे, तिचा हिशेबनीस अकरा महिन्यांचा असावा, हे मला पटत नाही. आठ-दहा गावांच्या समित्यांनी मिळून एक हिशेबनीस ठेवला आणि त्याचे मानधन पट्टीतच धरले, तर मार्ग निघू शकतो. वरच्या उदाहरणातील घरांनी महिन्याला १० रुपये अधिक दिले, तर दहा गावांतून २०,००० रुपये उभे राहतात. हे १० रुपये मागणे अवघड आहे, हे मी जाणते. पण जिथे पावती आणि वही चोख असते, तिथे ते मागता तरी येतात.

शिफारसपत्र मी त्याच रात्री लिहिले. तिच्या हस्ताक्षरातली सापळ्यांची जुनी नोंदवही कपाटात सापडली, तिच्या दोन पानांची छायाप्रतही सोबत जोडली. निवडीचे अद्याप कळलेले नाही. दरम्यान तिने स्वतःच्या गावच्या समितीची मागील दोन वर्षांची वही मागून घेतली आहे आणि ती रविवारी बसून बँकेच्या उताऱ्याशी ताडून पाहते आहे. सध्या ती पहिल्या वर्षाच्या ऑगस्टपर्यंत पोहोचली आहे.