आता हृदयाचा ठोकाही द्यायचा?

विड्या वळून, यंत्रमागावर राबून बोटांच्या रेषा झिजतात आणि रेशन दुकानातले मशीन अंगठा नाकारते. उद्या अशा माणसाला सांगितले जाईल, बोट राहू द्या, हृदयाचा ठोका द्या.

हे अशक्य नाही. प्रत्येकाच्या हृदयाची ठेवण वेगळी, म्हणून ईसीजीतल्या लहरींचा आकारही थोडा वेगळा असतो. टोरांटोच्या एका कंपनीने यावर ओळख पटवणारा ‘निमी’ नावाचा मनगटी पट्टा बनवला. 2017 मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी दुसऱ्या उपकरणांवर नोंदलेल्या ईसीजीवरून नकली सिग्नल तयार करून तो 81 टक्के वेळा फसवला. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. हृदय कसे बदलणार?

त्याहून गंभीर म्हणजे, अंगठ्याच्या ठशात आजार दिसत नाही, ईसीजीत दिसतो. अनियमित ठोके, पूर्वी येऊन गेलेला झटका, सारे. हे विमा कंपनीच्या किंवा मालकाच्या हाती लागले तर?

2016 च्या आधार कायद्यात फोटो, बोटांचे ठसे, बुबुळ यांच्यापुढे ‘नियमांनी ठरवलेली इतर जैविक वैशिष्ट्ये’ असेही शब्द आहेत. म्हणजे ठोका जोडायला नवा कायदा लागणार नाही, नियम पुरेल. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात तर आरोग्याच्या माहितीसाठी वेगळा, अधिक कडक वर्गच नाही.

ते शब्द कायद्यातून काढावेत, ही आमची मागणी आहे. अंगठा उमटत नसेल तर ओटीपी घ्या, वहीत नोंद करून धान्य द्या, असे आधार प्राधिकरणाने 2017 मध्येच सांगितले आहे. दुकानात ती वही मागा.