पोटरीतला धान आणि घरातली पोटुशी



धान पोटरीवर आला की बांधीतले पाणी आपण तुटू देत नाही. पोटुशी सुनेच्या मनाकडे मात्र कोण पाहतो?

मार्कंड्याच्या आसपास वैनगंगेकाठी धान निघाला की कित्येक जण मिरची तोडायला तेलंगणात जातात. मागे राहिलेली पोटुशी एकटी पडते. त्यात कर्जाची चिंता, दारूपायी मारझोड, ‘मुलगाच हवा’ हा हट्ट, आधी गेलेले मूल. याने मन खचते. विकसनशील देशांत १०० पैकी १५-१६ गरोदर स्त्रियांना मनाचा आजार होतो, त्यात उदासीनता मुख्य, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

दोन आठवडे रोज रडू येणे, झोप-भूक जाणे, कशातच मन न लागणे हे नखरे नव्हेत, बाहेरची बाधाही नव्हे. हा आजार आहे आणि उपचाराने बरा होतो.

तिचे ऐकून घ्या, कामाचा भार हलका करा. आशाताईला सांगा, आरोग्य केंद्रात दाखवा, रक्तही तपासून घ्या. २०२२ पासून सुरू झालेल्या टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून मोफत सल्ला मिळतो. मरणाची भाषा बोलली, तर तिला क्षणभरही एकटी सोडू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.