नाही, नाही आणि नाही

मी पडले कॉन्व्हेंटवाली, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. शाळेत आमच्या मिस गैरहजर मुलाच्या नावापुढे 'ए' लिहायच्या. शाळा सोडून गेलेल्याचं मात्र पुढे हजेरीपटात नावच नसायचं. 'आज आला नाही' आणि 'या वर्गातच नाही' यात गल्लत कधी झाली नाही. ती मी केली, इंजिनिअरिंगला येऊन!

युनिट टेस्टच्या मार्कांची यादी काढायला मी पायथॉनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिला. मार्क डिक्शनरीत, रोल नंबर ही की. एका मैत्रिणीला कावीळ झाली होती, तिच्यापुढे मुद्दाम 'नन' ठेवलं (कॉन्व्हेंटमधली नव्हे, पायथॉनमधली!). एकाचा पेपर तपासायचा राहिला होता, त्याची कीच नव्हती. आणि एकाला खरोखर भोपळा मिळाला होता. डिक्शनरीचं 'गेट' की नसली तरी ननच देतं, वर मी शहाणीने 'ऑर ०' लावलेलं. तिघांनाही शून्य! यादी बोर्डावर लागली, मैत्रिणीच्या घरी फोन गेला, काकू रडल्या. आधी 'इन' लावून की आहे का बघितलं असतं तर... जाऊ दे.

म्हणून 'जावास्क्रिप्टला अनडिफाइन्ड आणि नल असे दोन-दोन कशाला?' असं कट्ट्यावर कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. दोन हवेतच! एक म्हणजे कुणी काही ठेवलंच नाही, दुसरं म्हणजे 'इथे काही नाही' असं कुणीतरी ठरवून ठेवलं. घोळ तिथेही आहेच म्हणा. नलमध्ये ५ मिळवले की ५ येतात, म्हणजे गुपचूप शून्य धरलं. अनडिफाइन्डमध्ये मिळवले तर 'नॅन' येतं, निदान चूक दिसते तरी.

१९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यूत नल रेफरन्स आणणाऱ्या टोनी होअर यांनी २००९ मध्ये त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. ते सगळे पाठ म्हणतात. पण रिलेशनल डेटाबेसचे जनक कॉड यांनी १९९० च्या पुस्तकात 'किंमत आहे पण माहीत नाही' आणि 'इथे किंमत लागूच नाही' अशा दोन वेगळ्या खुणा सुचवल्या होत्या, ते कुणी सांगत नाही. एसक्यूएलने एकाच नलवर भागवलं.

माझ्या यादीत आता 'गै.ह.', 'पेपर बाकी' आणि ० असं वेगवेगळं येतं. भोपळेवाला म्हणतो, आधीचीच यादी बरी होती, सोबत तरी होती!