ओढणं आणि आवरणं

गेल्या महिन्यात माझ्यावर एक आळ आला. "दादांनी गाडी नाही दिली." आमच्या बे एरियातल्या मराठी मंडळींत बातमी पसरायला वेळ लागत नाही. गणपतीच्या आरतीला येणाऱ्यांपैकी निम्म्यांना तरी आता ठाऊक आहे की मी एका नवीन लग्न झालेल्या, घर हलवणाऱ्या मुलाला माझा पिकअप ट्रक द्यायला नकार दिला. चार दिवसांचा तर प्रश्न होता!

खरं तर मी नकार दिलाच नव्हता, एक अट घातली होती. सामान भरताना मी हजर राहणार, आणि मी सांगेन तसंच भरायचं. त्याला ती अट जाचक वाटली. तो म्हणाला, "दादा, तुमच्या गाडीची टोइंग कपॅसिटी ३५०० पाउंड आहे. भाड्याचा ट्रेलर गच्च भरला तरी २७०० चा. ८०० पाउंड शिल्लक राहतात. मग प्रॉब्लेम काय आहे?"

हिशोब चोख होता. २०११ साली हाच हिशोब मीही केला होता, अगदी याच आकड्यांनी. म्हणून तर लिहायला बसलोय.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. अमेरिकेत मूव्हर्स लावून घर हलवणं म्हणजे खिसा रिकामा करणं. त्यामुळे आपल्यासारखी माणसं ट्रेलर भाड्याने घेतात, गाडीमागे जोडतात आणि दुसऱ्या गावातल्या शाखेत सोडून देतात. एका गावात घ्यायचा आणि दुसऱ्या गावात सोडायचा, ही सोय इथे रुजली ती १९४५ नंतर. त्या वर्षी नौदलातून सुटलेले लेनर्ड शोएन आणि त्यांची पत्नी अ‍ॅना मेरी यांनी वॉशिंग्टन राज्यातल्या रिजफील्डमध्ये यू-हॉल सुरू केली. कल्पना साधी, पण त्यामुळे सामान्य माणसाला स्वतःच्या हाताने स्वतःचं घर हलवता यायला लागलं. याबद्दल मला मनापासून आदर आहे. आमची पहिली तीन घरं अशीच हललीत.

तर २०११ चा ऑगस्ट. अर्व्हाइनहून फ्रीमाँटला निघालो होतो. माझा टॅकोमा, चार सिलिंडरचा, सेकंडहँड घेतलेला. (हो, तोच. अजून आहे.) मागे ५ बाय ८ फुटांचा बंद ट्रेलर. रिकामा सुमारे ९०० पाउंड, भरून जास्तीत जास्त २७००. भाड्याच्या दुकानातल्या माणसाने हिचचा बॉल बरोबर मापाचा आहे ना ते पाहिलं, साखळ्या दांड्याखालून एकमेकींवर फुली घालून अडकवल्या, दिवे लागतात का ते तपासलं आणि एक कागद हातात दिला. मी तो घडी करून ग्लव्ह बॉक्समध्ये टाकला. त्या माणसाची काही चूक नव्हती. कागद वाचायचा असतो हे मला कुणी सांगायला हवं होतं का?

सामान भरताना आधी गेल्या गाद्या, सोफा, उशा, कारण त्या दाराजवळच होत्या. पुस्तकांची चौदा खोकी, टीव्हीचं जुनं वजनदार कपाट आणि सासूबाईंनी हट्टाने पाठवलेला पाटा-वरवंटा, हे सगळं शेवटी. म्हणजे ट्रेलरच्या मागच्या दाराशी. भरून झाल्यावर मी लांब उभा राहून पाहिलं आणि बायकोला अभिमानाने म्हणालो, "बघ, गाडी मागून जरासुद्धा दबलेली नाही!"

ती धोक्याची खूण होती. मला मात्र ते गाडीचं कौतुक वाटलं.

आमचे आजोबा सातारकडचे. त्यांनी आयुष्यभर बैलगाडी हाकली. गाडीत माल मागच्या बाजूला जास्त झाला की ती उलाळ होते, म्हणजे मागे कलते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याखालचा पट्टा त्यांना फास लावतो. उलट पुढे फार जड झाली तर जू मानेवर रुततं. म्हणून आजोबा गाडी भरली की जुवाखाली हात घालून ते जरा उचलून बघायचे. फार हलकं लागलं तर दोन पोती पुढे ओढायचे. मी हे लहानपणी पन्नासदा पाहिलंय. इंजिनिअर झालो, अमेरिकेत आलो, आणि नेमकं तेवढंच विसरलो!

इथे त्याच गोष्टीला 'टंग वेट' म्हणतात. ट्रेलरचा दांडा गाडीच्या बॉलवर जेवढं वजन टाकतो ते. ते ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावं, म्हणजे २७०० पाउंडांच्या ट्रेलरला २७० ते ४०५. त्यासाठी साधारण ६० टक्के माल पुढच्या अर्ध्या भागात भरायचा. कारण समजायला अवघड नाही. ट्रेलर त्या बॉलभोवती डावी-उजवीकडे फिरू शकतो. वजन पुढे असेल तर वाऱ्याचा धक्का बसल्यावर चाकं त्याला परत ओळीत आणतात. वजन मागे असेल तर तेच वजन झोका वाढवतं. आणि यातली फसवी गोष्ट अशी की कमी वेगात हे कळतच नाही. झोका येतो आणि विरतो. एका ठरावीक वेगाच्या वर गेलात की तो विरत नाही, वाढत जातो. लॉस एंजेलिसच्या ट्रॅफिकमधून आमची वरात रखडत निघाली, तिथे ट्रेलर अगदी शहाण्या मुलासारखा मागून येत होता.

मग आला ग्रेपव्हाइनचा घाट. तिहोन पास चार हजार फुटांच्या वर आहे आणि उत्तरेकडे तिथून रस्ता जवळजवळ ६ टक्के उताराने थेट सॅन वाकीन खोऱ्यात कोसळतो. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला कायद्याने ५५ मैलांची मर्यादा आहे. मी ६५ वर होतो. सगळेच जात होते ना! एका अठरा चाकी ट्रकला ओलांडताना हवेचा धक्का बसला आणि आरशात ट्रेलर डावीकडे दिसला. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे, आणि आता गाडीचं ढुंगणही त्याच्याबरोबर जायला लागलं.

मी ब्रेक दाबला. कुणीही दाबेल. पण अशा छोट्या भाड्याच्या ट्रेलरला बरेचदा स्वतःचे ब्रेक नसतात, माझ्याला नव्हते. गाडी थांबू लागते आणि मागचे २७०० पाउंड तिला ढकलतच राहतात. झोका दुप्पट झाला. पुढचं कसं सुचलं माहीत नाही, पण पाय दोन्ही पेडलवरून काढला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं आणि गिअर एक खाली ओढला. पाच-सहा झोके आणखी बसले असतील. मग हळूहळू ते लहान झाले. शोल्डरवर थांबलो तेव्हा हात चाकावरून सुटत नव्हते.

मागच्या गाडीत बायको होती आणि चार वर्षांची लेक. ती माझ्या मागे थांबली, उतरली नाही. मी काचेपाशी गेलो तर एवढंच म्हणाली, "अरे, मी हिला डोळे मिटायला सांगितले होते."

हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही. लेक आता कॉलेजात आहे, तिला काही आठवत नाही.

घाटाच्या पायथ्याशी पेट्रोल पंपाच्या आवारात, तळपत्या उन्हात, आम्ही अख्खा ट्रेलर उपसला. पुस्तकं आणि पाटा-वरवंटा पुढे, गाद्या मागे. दोन तास गेले. गाडी मागून दोन बोटं दबली. मग ५५ ने फ्रीमाँटपर्यंत ट्रेलर सुतासारखा सरळ आला. तीच गाडी, तोच ट्रेलर, तेवढंच वजन!

तर माझं म्हणणं असं. जाहिरातीतला आकडा गाडी किती *ओढू* शकते ते सांगतो. ओढणं सोपं असतं. प्रश्न असतो आवरण्याचा. थांबवणं, सरळ ठेवणं, उतारावर धरून ठेवणं.

आणि तो आकडाही कसा येतो ते पाहावं. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने तो ठरवत असे. २००८ साली जे२८०७ नावाचं एक समान मानक आलं, टोयोटाने ते २०११ च्या मॉडेलांपासून आधी स्वीकारलं, बाकीचे मागाहून आले. त्यात अ‍ॅरिझोनातला डेव्हिस डॅमचा लांबलचक चढ एसी चालू ठेवून चढायचा असतो. चांगली परीक्षा आहे. पण त्यात गाडीत बसलेले असतात दोघं, प्रत्येकी १५० पाउंडांचे. आपलं कुटुंब, मागच्या हौद्यातली खोकी, मिक्सर, तांदळाचं पोतं, हे त्यात नसतं. आणि टंग वेट गाडीच्या पाठीवरच येतं. समजा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर माणसं आणि सामान मिळून ११०० पाउंड लिहिलंय. दोन मोठी माणसं ३२०, मूल ४०, हौद्यात ५००. उरले २४०. ट्रेलरच्या दांड्याला किमान २७० हवेत. म्हणजे ३५०० मधले ८०० 'शिल्लक' असूनही छोटी गाडी ओव्हरलोड! मग माणूस काय करतो? मागून गाडी दबतेय म्हणून ट्रेलरमधलं वजन मागे सरकवतो. झालं. उलाळ.

यावर आमच्यातल्या काहींचं उत्तर तयार असतं. "मोठा ट्रक घ्यावा, आठ सिलिंडरचा." मला हे पटत नाही. वर्षातून चार दिवस ट्रेलर ओढायचा म्हणून उरलेले ३६१ दिवस धूड घेऊन ऑफिसला जायचं? छोट्या ट्रकने छोटा ट्रेलर उत्तम ओढता येतो. जड खोकी पुढे, हौदा हलका, वेग ५५. शिवाय मोठी गाडी असली म्हणून उलाळ ट्रेलर शहाणा होत नाही, फक्त तुम्हाला उशिरा कळतं. ५५ ऐवजी ६५ ने गेलात तर गतिज ऊर्जा सुमारे ४० टक्क्यांनी वाढते. ती गाडीचा आकार बघून वाढत नाही.

दोष द्यायचाच तर थोडा व्यवस्थेला देईन. कॅलिफोर्नियात साध्या क्लास सी लायसन्सवर १०,००० पाउंडांपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो, त्यासाठी वेगळी परीक्षा नाही. दुकानात बॉल तपासतात, दिवे तपासतात, पण तिथे ट्रेलर रिकामा असतो! भरल्यावर तो कुणीच तपासत नाही. दांड्याखाली ठेवायचा वजनकाटा काही सोन्याचा नसतो. प्रत्येक दुकानाबाहेर एक ठेवावा, भरलेला ट्रेलर घेऊन येणाऱ्याला पाच मिनिटांत फुकट मोजून द्यावा, एवढीच माझी मागणी आहे.

आता शेवटचं. त्या मुलाने दुसऱ्या कुणाचा पिकअप नेला. सान डिएगोला सुखरूप पोचला, फोटोही टाकला. मला खरंच बरं वाटलं. पण त्यामुळे माझी बाजू अधिकच पडली. "बघा, काही झालं का?" असं मला दोघांनी विचारलं. नाही झालं. ग्रेपव्हाइनच्या माथ्यापर्यंत मलाही काही झालं नव्हतं. काही झालं नाही म्हणजे बरोबर भरलं होतं, असं ठरत नाही. एवढंच मला म्हणायचं होतं, पण आरतीच्या गर्दीत ते सांगता आलं नाही.

मी त्याला गाडी न देता तो कागद तरी नीट समजावून सांगायला हवा होता, हे मात्र कबूल. अट घातली आणि कारण सांगितलं नाही. त्या दिवसाबद्दल बोलायला मला अजूनही थोडी लाज वाटते, हे त्याचं खरं कारण.

असो. गाडी दारातच उभी आहे. ज्याला हवी त्याने खुशाल न्यावी, भाडं नको, पेट्रोलही नको. फक्त सामान भरताना मला बोलवा. मी दांड्याखाली हात घालून बघणार. चहा तुमच्याकडे. :)