बी कोणाचं?

चर्चमधल्या पोरांची एक रीत आहे. थोरली माणसं पोरांच्या हातात थोडी रक्कम ठेवतात. ह्याला म्हणायचं बीभांडवल. पोरं त्यातून मैदा घेतात, साबण घेतात, कापड घेतात. राबतात, विकतात, शंभराचे पाचशे करतात. मग ते पाचशे वस्तीतल्या भुकेल्याला, शाळेला, आजाऱ्याला लावतात. देशोदेशी चालतं हे. आता आपल्यातलेही शिकलेले दोस्त जळगाव-धुळ्याच्या वस्त्यांत सांगत फिरताहेत, भो, आपणही हेच करू.

करू ना. कोण नाही म्हणतो? पण मी सूतगिरणीत राबणारा माणूस. शंभर किलो कापसात रुई निघते तिसऱ्या हिश्शाएवढी, बाकी बहुतेक सरकी, हे मला पाठ आहे. म्हणून आधी विचारतो. बी कोणाचं? पीक कोणाचं? आणि हिशेब कोणाच्या वहीत?

ही रीत ज्या गोष्टीतून निघाली ती मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे, पंचविसाव्या अध्यायात. मालक परगावी जातो. जाताना तीन नोकरांकडे पैसा सोपवतो. एकाला पाच तालांत, एकाला दोन, एकाला एक. तालांत म्हणजे चिल्लर नव्हे, मजुराची वीसेक वर्षांची मजुरी! पहिले दोघं दुप्पट करतात, शाबासकी घेतात. तिसरा पैसा जमिनीत पुरतो आणि मालकाला तोंडावर सांगतो की तू पेरत नाहीस तिथं कापतोस. मालक त्याचा तालांत काढून दहावाल्याला देतो आणि ह्याला बाहेर अंधारात हाकलतो.

पाद्री सांगतात, तिसरा आळशी. असेल. पण दोस्तहो, रातपाळी करून ही गोष्ट वाचा. तिसरा मला ओळखीचा वाटतो. खात्यात साहेबासमोर खरं बोलला आणि दुसऱ्या दिवशी गेटवरून परत फिरवला, तो हाच. दुप्पट झालेला पैसा तरी कोणासाठी पिकला? मालकासाठीच ना? चर्चची पोरं ह्या गोष्टीच्या पुढं गेली. पीक मालकाच्या पायाशी न नेता त्यांनी वस्तीत वाटलं. तेवढं त्यांचं उघड्या मनानं घ्या.

पण दानाला हक्काचं नाव देऊ नका. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जात फक्त हिंदूंपुरती ठेवली. १९५६ ला शीख आत आले, १९९० ला आपण बौद्ध. ख्रिस्ती झालेला महार, मांग बाहेर राहिला. त्या भावाला चर्चनं शाळा दिली, औषध दिलं, खरं आहे. पण कायद्यातली जागा केक विकून मिळत नाही. तिच्यासाठी रस्त्यावरच यावं लागतं.

आणि बाजार तरी सगळ्यांना सारखा आहे का? माझ्या आईनं उडदाचे पापड लाटले. नमुना चाखून बाई म्हणाल्या, झकास. मग विचारलं, राहता कुठं? आईनं बौद्धवाड्याचं नाव सांगितलं. पिशवी तशीच परत आली. बीभांडवलाच्या हिशेबात ही परत आलेली पिशवी कोणत्या खान्यात लिहायची, सांगा!

दुसऱ्याच्या बियाण्याचं दुखणं खानदेशातल्या कापूसवाल्याला विचारा. २००२ ला बीटी आलं. संकरित वाणाची घरची सरकी पेरून तसं पीक येत नाही, म्हणून दरसाल नवं पाकीट. दात्याच्या पैशाचं तसंच. एक हंगाम पिकतं, पुढच्या हंगामाला पुन्हा त्याच्याच दारात.

बाबासाहेबांनी दुसऱ्याचं बी घेतलं नाही का? घेतलं. १९१३ ला बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन ते अमेरिकेला गेले. १९२० ला 'मूकनायक'साठी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. पण १९१७ ला त्याच बडोद्यात नोकरीला गेलेल्या बाबासाहेबांना जातीपायी राहायला जागा मिळाली नाही. बी देणारा राजा चांगला होता, जमीन तीच जातीची होती! पुढं त्यांनी आपली शेतं तयार केली. १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. आणि १५ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात सांगितलं की प्रत्येकानं मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्यावा. विसावा हिस्सा! शंभरातले पाच. हे आपलं बीभांडवल. कोणा धन्याचं नाही.

मग ते आहे कुठं? चौदा एप्रिलची वर्गणी आठवा. वस्तीत दोनशे घरं, घरामागं शंभर धरा. वीस हजार. ट्रॅक्टरवर भिंतीएवढा डीजे येतो आणि एका रात्रीत सगळं गिळून जातो. सकाळी कानात शिट्टी आणि हातात भोपळा. पैसा कोठे गया भो?

नाचू नका, असं मी म्हणत नाही. आपल्या बापजाद्यांना मिरवायला रस्ता नव्हता, आपण मिरवूच. पण निम्मे दहा हजार बाजूला काढा. मे महिन्यात घाऊक भावानं वह्या आणा. जूनमध्ये दुकानापेक्षा स्वस्त, पण चार पैसे ठेवून, वस्तीतच विका. इथं राहता कुठं म्हणून कोणी विचारणार नाही. मुद्दल पुढच्या मे महिन्यासाठी तसंच ठेवायचं, त्याला हात नाही. वरच्या पैशातून अभ्यासिकेला पुस्तकं, दिवाबत्ती. वही सांभाळायला पुढारी नको. भिशी चालवणाऱ्या आपल्या माया बसवा. त्यांच्या हिशेबात चार आणे इकडचे तिकडे होत नाहीत.

३१ जुलै १९३७ ला बाबासाहेब धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यात मुक्कामाला होते. त्या आठवणीनं दरसाल ३१ जुलैला आपले लोक तिथं लोटतात. यंदा तिथं भाषणं कमी करा. प्रत्येक वस्तीनं आपली वही आणावी आणि मोठ्यानं वाचावी. किती जमलं, किती वाढलं, किती पोरं शिकली. आणि ज्यांची वही कोरी निघेल, त्यांना सगळ्यांदेखत विचारा, बी कुठं गेलं?

जय भीम.