संगणकाची पाटी मराठीत हवी

वर्गमित्रांनो आणि शाळा पाहायला आलेल्या पालकांनो, माझे मत असे आहे की आपल्या शाळेतल्या संगणकाच्या पडद्यावरची भाषा बदलून मराठी करावी. का, ते सांगते.

आपल्या शाळेत तीन संगणक आहेत. गावाने वर्गणी काढून ते घेतले. पण त्यांना हात कोण लावतो? ज्याला इंग्रजी भराभर वाचता येते तो. म्हणजे वर्गातली चार-पाच मुले. बाकीची मागे उभी राहून बघतात, आणि मुली तर सगळ्यात मागे. मधेच पडद्यावर एक चौकट येते. तिच्यात इंग्रजीत काहीतरी विचारलेले असते आणि खाली दोन-तीन बटणे असतात. मग "गुरुजी!" म्हणून ओरडा सुरू होतो. गुरुजींकडे दोन वर्ग आहेत. ते येईपर्यंत घंटा होते. आणि त्या चौकटीत असते काय, तर केलेले काम जतन करायचे का नाही, एवढेच! हे मराठीत असते तर दुसरीतल्या लेकरानेसुद्धा वाचले असते.

माझे मामा संभाजीनगरला उस्मानपुऱ्यात राहतात. तिकडे इंजिनिअरिंगचे आणि पॉलिटेक्निकचे सरकारी कॉलेज आहे, म्हणून संगणक शिकणारी मुले खूप दिसतात. माझा मामेभाऊ पण शिकतो. दिवाळीच्या सुट्टीत त्याने मला सगळे करून दाखवले. संगणक चालवणारी जी मूळ व्यवस्था असते तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. विंडोज ही त्यातलीच एक. तिची भाषा बदलता येते. आधी सेटिंग्ज उघडायचे. त्यात वेळ आणि भाषा, मग भाषा आणि प्रदेश, मग भाषा जोडा, असे जायचे. तिथे मोठी यादी येते. त्या यादीत मराठी हे नाव मराठीतच लिहिलेले असते. ते निवडले की इंटरनेटवरून मराठीचा संच उतरतो. मग एकदा बाहेर पडून पुन्हा आत यायचे. बस्स. मामीचा चहा होईपर्यंत झाले पण!

मामी सातवी शिकलेली आहे. ती लॅपटॉपला कधीच हात लावत नव्हती, फक्त वरची धूळ पुसायची. त्या दिवशी चहाचा कप ठेवताना ती पडद्याकडे बघून म्हणाली, "अगं बाई, हे तर वाचता येतंय की!" आणि खुर्ची ओढून बसलीच. लॅपटॉप बंद कुठून करायचा ते तिने कुणाला न विचारता शोधून काढले.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. पडद्यावरची भाषा वेगळी आणि टाइप करायची भाषा वेगळी. पडदा इंग्रजी ठेवूनही मराठी टाइप करता येते आणि पडदा मराठी करूनही इंग्रजी टाइप होते. आपली चित्रे, आपल्या फाइली जिथल्या तिथेच राहतात. पण सगळेच मराठी होते असे नाही. जिथला मराठी शब्द संचात नसतो तिथे इंग्रजीच दिसते. म्हणून पडदा थोडा आजीच्या गोधडीसारखा दिसतो. मला चालतो.

काहीजण म्हणतात की मराठी शब्द फार जड असतात. आपण यंदा शिवछत्रपतींचा इतिहास शिकतो आहोत. महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला. कारभारातल्या फारसी शब्दांना त्यात संस्कृत शब्द दिले. मुजुमदाराला अमात्य म्हटले, सुरनिसाला सचिव म्हटले. पेशव्याला पंतप्रधान म्हटले, तरी लोक पेशवाच म्हणत राहिले. सचिव मात्र आजही मंत्रालयात आहेत. जो शब्द तोंडात बसेल तो बसेल. मी काही माऊसला उंदीर म्हणा असे म्हणत नाही.

आमच्या शेजारचे एक काका मला म्हणाले, "पोरांना इंग्रजी यावं म्हणून आम्ही जीव तोडतो, अन् तुम्ही मशीन मराठी करता. कामून?" काका, इंग्रजी आपल्याला पहिलीपासून आहे आणि तिचा रोज वेगळा तास आहे. विहिरीत पोहायला शिकताना पोराच्या कमरेला भोपळा बांधतात. पोहता आले की सोडतात. तेव्हा कुणी म्हणत नाही की हे पोरगं आता जन्मभर भोपळाच मागणार. आणि बटणांच्या जागा काही बदलत नाहीत. मराठीत शिकलेला हात इंग्रजीत पण तिथेच जातो. तरी हवे तर एक संगणक इंग्रजीच ठेवा. दोन मराठी करा.

आजी तिच्या सासऱ्यांचे सांगते. तेव्हा इथे निजामाचे राज्य होते आणि सरकारी कारभार उर्दूत चालायचा. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झाला. त्याच्या आधी कागद आपल्याच शेताचा असायचा, पण तो वाचायला माणूस शोधावा लागायचा. उर्दू वाईट नाही. आमच्या आळीतले चाचा ती फार छान वाचतात. पण ज्याला येत नाही त्याला दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावे लागते. आता मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आहे. तरी शाळेच्या संगणकापुढे आपण दुसऱ्याच्याच तोंडाकडे बघतो.

नवीन लॅपटॉप घेणाऱ्या पालकांनी एक ध्यानात ठेवावे. विंडोजचा 'होम सिंगल लँग्वेज' नावाचा एक प्रकार असतो. त्यात पडद्याची एकच भाषा चालते, बदलू देत नाही. दुकानात पैसे मोजायच्या आधी सेटिंग्जमध्ये सिस्टीम आणि त्यात अबाउट उघडून बघावे, तिथे प्रकाराचे नाव असते. दादा म्हणतो, उबुंटू फुकट मिळते आणि त्यात मराठी आहे. सी-डॅक या सरकारी संस्थेने पण 'बॉस' नावाची प्रणाली काढली आहे, ती आपल्या देशातल्या भाषांत चालते.

शाळेतल्या संगणकांवर कोणता प्रकार आहे ते मी गुरुजींना उघडून दाखवायला सांगितले. तिन्हींवर 'प्रो' आहे, म्हणजे भाषा बदलता येते. गुरुजी म्हणाले, "शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विचारतो." त्या समितीत पालकच जास्त असतात. तुमच्यापैकी जे समितीत आहेत त्यांनी हो म्हणावे. इंटरनेटची काळजी नको. दादा शनिवारी गावाला येणार आहे, त्याच्या फोनवरून तो देईल.

— इयत्ता ४ थी