विश्वामित्रीचे शेजारी

इतरत्र गावात श्वापद शिरल्याची वार्ता आली की लोक दारे लावून घेतात. आम्ही बडोदेकर मात्र आधी विचारतो, ‘केवढी आहे?’ शहराच्या मधून वाहणाऱ्या विश्वामित्रीत मगरींचा पिढ्यान्‌पिढ्या वास आहे. ऑगस्ट २०२४ च्या पुरात तर त्या सोसायट्यांच्या आवारांत येऊन पोहोचल्या होत्या.

भय असावेच, त्यात कमीपणा नाही. परंतु भयापोटी पाहण्याचे सुख का दवडावे? हिवाळ्यातील उन्हात पुलाच्या कठड्यापाशी घटकाभर थांबावे. खाली काठावर ओंडक्यासारखी मगर जबडा वासून पडलेली असते. तो क्रोध नव्हे. अंगातील उष्णतेचे नियमन चाललेले असते. उन्हाळ्याच्या तोंडी मादी काठच्या मातीत खळगा करून अंडी घालते. पुढे पिलांचा आवाज कानी येताच माती उकरते आणि पिले जबड्यात धरून पाण्यात नेऊन सोडते. पाहणाऱ्यास वाटावे, आईच लेकरे गिळते आहे!

त्याच मातीवर आम्ही भराव टाकून बांधकामे केली. मग अंगणात आली ती पाहुणी कशी म्हणावी?

पूर ओसरल्यावर ती दिसलीच, तर मुलांना आत घ्यावे, वनखात्यास कळवावे आणि माणसे येईतो खिडकीतून निवांत पाहावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला वाघाच्याच पंक्तीला, पहिल्या अनुसूचीत बसविले आहे. आमच्या शाळेतील मुले हे घडाघडा सांगतात. पुलावर नेले की हातातील खडे मात्र खाली टाकायला सांगावे लागतात.